फ्युजन संशोधनाचा सरकारी पैसा आणि पीअर रिव्ह्यू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्युजनवर, म्हणजे हलकी अणुकेंद्रकं जोडून ऊर्जा मिळवण्याच्या केंद्रकीय संमीलनावर, जगातली सरकारं सत्तर वर्षांहून अधिक काळ पैसा घालत आली आहेत. आजवर एकाही घरातला दिवा त्यावर लागलेला नाही. इतक्या दूरच्या फळासाठी करदात्यांचा पैसा कोणाला द्यायचा आणि तो योग्य जागी गेला की नाही हे कोणी सांगायचं, असं विद्यार्थी आणि चिकित्सक वाचक सतत विचारतात. त्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. बहुतेक उदाहरणं अमेरिकेच्या ऊर्जा विभागाची आहेत, कारण तिथले नियम आणि अहवाल लोकांसाठी खुले असतात आणि फसलेले निर्णयही कागदावर सापडतात. भारताबद्दलचा प्रश्न शेवटाकडे घेतला आहे.

शोधनिबंधाचा पीअर रिव्ह्यू आणि अनुदानाचा पीअर रिव्ह्यू यांत फरक काय?

पीअर रिव्ह्यू म्हणजे त्याच विषयातल्या इतर जाणकारांनी केलेली तपासणी. निबंधात काम झालेलं असतं; ते बरोबर आहे का एवढंच तपासायचं असतं. अनुदानाच्या प्रस्तावात अजून काहीच झालेलं नसतं. ऊर्जा विभागाच्या विज्ञान कार्यालयाने समीक्षकांसाठी चार निकष ठरवले आहेत: कल्पनेची वैज्ञानिक गुणवत्ता, पद्धत योग्य आहे का, माणसं आणि साधनं पुरेशी आहेत का, आणि मागितलेला पैसा रास्त आहे का. हा क्रम महत्त्वाच्या उतरत्या भांजणीचा आहे. पैशाचा रास्तपणा चौथा येतो, हे अनेकांना खटकतं. पण कमकुवत कल्पना स्वस्तात मिळाली म्हणून घ्यायची नसते, म्हणून हा क्रम बरोबरच आहे.

फ्युजनमध्ये याशिवाय आणखी दोन प्रकारची तपासणी चालते. एक, मोठं यंत्र बांधलं जात असताना त्याचा खर्च, वेळापत्रक आणि अभियांत्रिकी यांची. दुसरी, संपूर्ण क्षेत्राने पुढची दहा वर्षं कुठे जायचं याची. या तिन्ही गोष्टींना लोक सरसकट पीअर रिव्ह्यू म्हणतात आणि निम्मे गैरसमज तिथूनच सुरू होतात.

एखादा प्रस्ताव प्रत्यक्षात कसा तपासला जातो?

विभाग आधी कोणत्या विषयावर प्रस्ताव हवेत याची जाहिरात काढतो. बऱ्याचदा पूर्ण प्रस्तावाआधी काही पानांचं पूर्वनिवेदन मागवतात आणि विषयाबाहेरचे अर्ज तिथेच थांबतात. पूर्ण प्रस्ताव साधारणपणे किमान तीन समीक्षकांकडे जातो. प्रत्येक जण आपलं मत स्वतंत्रपणे लिहितो. पॅनेल एकत्र बसलं, चर्चा झाली, तरी एकमताचा ठराव होत नाही. सरकारला सामूहिक सल्ला देणाऱ्या समित्यांना अमेरिकेत वेगळा, कडक कायदा लागू होतो, म्हणून वैयक्तिक मतंच घेतली जातात.

आता जवळून पाहू. समजा, टोकामॅकमध्ये, म्हणजे अतितप्त वायूला (प्लाझ्माला) चुंबकांनी कोंडणाऱ्या कंकणाकृती यंत्रात, प्लाझ्माच्या कडेला जे अचानक उद्रेक होतात आणि भांड्याच्या भिंतीवर उष्णतेचा मारा करतात, त्यांचा अभ्यास एका विद्यापीठाच्या गटाला करायचा आहे. सिद्धांत सुंदर आहे, याआधीचे निबंध चांगले आहेत. तरी जाणकार समीक्षक विचारतो: सॅन दिएगोच्या डीथ्री-डी यंत्रावर तुम्हाला प्रयोगाचे दिवस मिळणार आहेत का? लागणारं मोजमापाचं उपकरण तिथे आधीच बसवलेलं आहे, की याच पैशातून बनवायचं आहे? तुमचा संगणकीय कोड कोणत्या जुन्या मोजमापांवर पडताळला आहे? यंत्र दुरुस्तीसाठी वर्षभर बंद राहिलं तर तुमचा पीएच.डी.चा विद्यार्थी काय करणार? यंत्राशेजारी उभं राहून काम केलेल्या माणसालाच हे प्रश्न सुचतात. हिशेबनिसाला ते सुचणार नाहीत, मंत्र्यालाही नाहीत.

प्रस्ताव नाकारला गेला तरी समीक्षकांची लेखी मतं, नावं वगळून, अर्जदाराला मिळतात. तरुण संशोधकांसाठी या सगळ्या यंत्रणेतला सर्वांत उपयोगी भाग हाच आहे, असं आम्हाला वाटतं.

समीक्षकांचा शब्द अंतिम असतो का?

नाही. ते सल्ला देतात. कार्यक्रम व्यवस्थापक त्यांची मतं वाचतो, विषयांचा तोल आणि उपलब्ध निधी पाहतो आणि शिफारस करतो. निवड वरचा अधिकारी करतो. चांगले शेरे मिळूनही पैसा न मिळणं ही रोजची गोष्ट आहे. निधी संपतो, चांगले प्रस्ताव संपत नाहीत.

ऑगस्ट 2025 मधल्या अध्यक्षीय आदेशाने पीअर रिव्ह्यूच्या शिफारशी केवळ सल्लावजा आहेत हे ठासून सांगितलं आणि राजकीय नियुक्तीवर आलेल्या वरिष्ठांनी अनुदानं तपासावीत असं ठरवलं. त्याच वर्षी विज्ञान कार्यालयाच्या जुन्या सल्लागार समित्या, त्यात फ्युजनचीही, मोडीत काढून सगळ्यांसाठी एकच समिती नेमली गेली. कायद्याने सरकारला हा अधिकार आहे. पण फ्युजनचा प्रयोग उभा राहायला लागणारी वर्षं एका अध्यक्षाच्या कारकिर्दीत मावत नाहीत. निवड दर चार वर्षांनी वारा फिरेल तशी फिरू लागली, तर सर्वांत आधी तरुण माणसं हे क्षेत्र सोडून जातील, याची आम्हाला खरी काळजी वाटते.

मग मोठी यंत्रं सुरू किंवा बंद करण्याचे निर्णय पीअर रिव्ह्यूनेच होतात ना?

फार कमी वेळा. बहुतेकदा अर्थसंकल्प ठरवतो.

कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोअर प्रयोगशाळेत एमएफटीएफ-बी नावाचं प्रचंड चुंबकीय यंत्र 37 कोटी 20 लाख डॉलर खर्चून बांधलं. फेब्रुवारी 1986 मध्ये ते पूर्ण झाल्याचा समारंभ झाला आणि लगेच त्याला कुलूप लागलं. त्यावर प्रयोग असा झालाच नाही. विज्ञान खोटं ठरलं म्हणून हे घडलेलं नाही. पैसा आटला होता. पुढे 1996 च्या अर्थसंकल्पात अमेरिकी संसदेने फ्युजनचा निधी सुमारे एक तृतीयांशाने कापला आणि 1997 मध्ये प्रिन्स्टनचं टीएफटीआर हे टोकामॅक यंत्र बंद झालं. एमआयटीचं अल्केटर सी-मॉड बंद करण्याचा प्रस्ताव 2012 मध्ये आला तोही अर्थसंकल्पातूनच. ईटर या आंतरराष्ट्रीय फ्युजन प्रकल्पाचा वाटा वाढत होता आणि देशातल्या यंत्रांना जागा उरली नव्हती. सी-मॉडने सप्टेंबर 2016 मध्ये, शेवटच्या दिवशी, प्लाझ्माच्या दाबाचा विक्रम केला: हवेच्या नेहमीच्या दाबाच्या दुपटीहून अधिक.

याच्या उलट, तज्ज्ञांच्या तपासणीतून बंद पडलेल्या यंत्राचं ठळक उदाहरण म्हणजे प्रिन्स्टनचं एनसीएसएक्स. ते स्टेलरेटर जातीचं, म्हणजे प्लाझ्माला फक्त बाहेरच्या चुंबकांनी कोंडणारं होतं. त्याची चुंबकीय वेटोळी पिळवटलेल्या आकाराची आणि ती मिलिमीटरच्या अंशात अचूक बसवायची. कल्पना पीअर रिव्ह्यूत उत्तम ठरली होती. पण ऊर्जा विभागात मोठ्या बांधकामांची वेगळी, कठोर तपासणी होते. डॅनियल लेहमन यांनी ती वर्षानुवर्षं चालवली, म्हणून लोक तिला लेहमन रिव्ह्यूच म्हणतात. खर्चाचा अंदाज सुमारे 10 कोटी डॉलरवरून 17 कोटींच्या आसपास गेला, तारीख पुढे सरकत राहिली आणि मे 2008 मध्ये विभागाचे विज्ञानविषयक अवर सचिव रेमंड ऑरबाख यांनी प्रकल्प रद्द केला.

तो निर्णय बरोबर होता का? जर्मनीतल्या वेंडेलश्टाइन 7-एक्सचा खर्चही फुगला, तेही कित्येक वर्षं रखडलं. तिथल्या सरकारने व्यवस्थापन बदललं, पैसा चालू ठेवला आणि 10 डिसेंबर 2015 रोजी त्यात पहिला प्लाझ्मा तयार झाला. आज स्टेलरेटरच्या जगात त्या यंत्राच्या तोडीचं दुसरं नाही. आमच्या मते एनसीएसएक्सच्या तपासणीने रोग अचूक ओळखला होता. पण तपासणी निदान करते. उपचार करायचे की नाद सोडायचा, हे सरकारच्या धीरावर ठरतं.

पीअर रिव्ह्यूशिवाय सरकारने फ्युजनवर पैसा लावला, असं कधी झालंय का?

झालंय, आणि अगदी सुरुवातीलाच. अर्जेंटिनाचे अध्यक्ष हुआन पेरॉन यांनी रोनाल्ड रिश्टर या ऑस्ट्रिया-हंगेरीत जन्मलेल्या शास्त्रज्ञावर विश्वास टाकला. बारिलोचेजवळच्या तळ्यातल्या उएमुल बेटावर त्याच्यासाठी गुप्त प्रयोगशाळा उभी केली. 24 मार्च 1951 रोजी पेरॉन यांनी नियंत्रित फ्युजन साधल्याचं जगाला सांगून टाकलं. तोवर बाहेरच्या एकाही भौतिकशास्त्रज्ञाने ते काम तपासलेलं नव्हतं.

1952 मध्ये अखेर तपास समिती नेमली. तिच्यात होसे अंतोनियो बालसेइरो हे तरुण भौतिकशास्त्रज्ञ होते. त्यांना त्यासाठी इंग्लंडहून बोलावून घेतलं होतं. त्यांनी बेटावर जाऊन प्रयोग पाहिला आणि साधं गणित मांडलं: रिश्टरच्या विद्युत ठिणगीतून मिळणारं तापमान फ्युजनला लागणाऱ्या कोट्यवधी अंशांच्या आसपासही जात नव्हतं. प्रकल्प गुंडाळला गेला. हे गणित 1949 मध्येही मांडता आलं असतं. कोणी विचारलं नाही, कारण विचारायची सोयच ठेवलेली नव्हती.

त्या राखेतून एक चांगली गोष्ट निघाली: 1955 मध्ये बारिलोचेत भौतिकशास्त्राची संस्था सुरू झाली. तिला आज बालसेइरोंचं नाव आहे आणि ती दक्षिण अमेरिकेतल्या नामवंत संस्थांपैकी एक आहे. पेरॉन यांच्या घोषणेची बातमी वाचून प्रिन्स्टनचे लायमन स्पिट्झर विचाराला लागले आणि त्यातून स्टेलरेटरची कल्पना पुढे आली, हेही खरं.

कोल्ड फ्युजनला पीअर रिव्ह्यूने दडपलं, असं ऐकतो. खरं आहे का?

23 मार्च 1989 रोजी युटा विद्यापीठात मार्टिन फ्लाइशमन आणि स्टॅन्ली पॉन्स यांनी पत्रकार परिषद घेतली: टेबलावरच्या काचपात्रात, साध्या तापमानाला, फ्युजन. निबंध छापून यायच्या आधीच बातमी जगभर गेली. महिन्याभरात युटा राज्याने 50 लाख डॉलर मंजूर केले आणि विद्यापीठाने केंद्र सरकारकडे अडीच कोटी डॉलर मागितले.

ऊर्जा विभागाने सल्लागार मंडळाची समिती बसवली. समितीची माणसं प्रयोगशाळांत गेली, ठिकठिकाणचे निकाल गोळा केले आणि नोव्हेंबर 1989 मध्ये अहवाल दिला. खास निधी किंवा स्वतंत्र केंद्र नको, असं त्यात म्हटलं. पण माफक, नेमक्या प्रयोगांना नेहमीच्या मार्गाने मदत करायला हरकत नाही, असंही म्हटलं. 2004 मध्ये विभागाने पुन्हा 18 समीक्षकांकडून आढावा घेतला. निष्कर्ष जवळपास तेच निघाले: पुरावा पटण्यासारखा नाही, पण एखादा सुविहित प्रस्ताव आला तर तो तपासावा.

दरवाजा बंद केला असं याला म्हणता येणार नाही. अडीच कोटी डॉलर आधी द्या आणि पुरावा नंतर पाहा, एवढीच मागणी फेटाळली गेली. युटातली खास संस्था 1991 मध्ये बंद झाली.

पीअर रिव्ह्यूमुळे फ्युजनला थेट फायदा झाल्याचं एखादं उदाहरण?

1969. आमच्या मते या क्षेत्राच्या इतिहासातली ही सर्वांत सुंदर गोष्ट आहे.

त्याआधीचं वर्ष. नोवोसिबिर्स्कच्या परिषदेत सोव्हिएत शास्त्रज्ञ लेव आर्त्सिमोविच यांनी मॉस्कोच्या टी-3 टोकामॅकचे आकडे मांडले: एक कोटी अंशांच्या घरातलं तापमान, इतरांपेक्षा कितीतरी चांगला प्लाझ्मा. पश्चिमेकडच्या बऱ्याच जणांना ते पटेना. अप्रत्यक्ष मोजमापावर विसंबायचं कसं? दहा वर्षांपूर्वीच, जानेवारी 1958 मध्ये, ब्रिटनने आपल्या झीटा या फ्युजन यंत्राचा असाच गाजावाजा केला होता आणि काही महिन्यांतच तो मागे घ्यावा लागला होता.

आर्त्सिमोविच यांनी ब्रिटिशांनाच बोलावलं: या आणि तुमच्या उपकरणाने मोजा. शीतयुद्ध ऐन भरात होतं. इंग्लंडमधल्या कलम या गावच्या फ्युजन प्रयोगशाळेतली मंडळी, त्यांत डेरेक रॉबिन्सन आणि निकोल पीकॉक, काही टन सामान घेऊन मॉस्कोच्या कुर्चातोव्ह संस्थेत गेली. प्लाझ्मात लेझरचा झोत सोडायचा आणि इलेक्ट्रॉनांवरून विखुरलेला क्षीण प्रकाश टिपायचा. इलेक्ट्रॉन जितके वेगवान, तितका त्या प्रकाशाचा वर्णपट पसरट, आणि त्या पसरटपणावरून तापमान थेट वाचता येतं. प्लाझ्माचा स्वतःचा झगझगाट असताना एवढासा प्रकाश वेगळा काढणं फार जिकिरीचं होतं. त्यांनी ते केलं. आकडे खरे निघाले आणि त्याच वर्षाअखेरीस छापले गेले.

त्यानंतर सरकारी पैशाने दिशाच बदलली. प्रिन्स्टनने आपला मॉडेल सी स्टेलरेटर मोडून 1970 मध्ये त्याचा टोकामॅक केला. पुढची कित्येक दशकं जगाचा बहुतांश फ्युजन निधी टोकामॅकमागे गेला. एवढा मोठा निर्णय भाषणांवर झाला नाही. प्रतिस्पर्ध्याने स्वतःच्या हाताने घेतलेल्या मोजमापावर झाला.

ही सवय पुढे टिकली. लिव्हरमोअरच्या एनआयएफ या लेझरने फ्युजन घडवणाऱ्या केंद्रात 5 डिसेंबर 2022 रोजी 2.05 मेगाज्यूल लेझर ऊर्जेतून 3.15 मेगाज्यूल फ्युजन ऊर्जा मिळाली. घोषणा झाली 13 तारखेला. मधल्या दिवसांत बाहेरच्या तज्ज्ञांकडूनही आकडे तपासून घेतले गेले.

क्षेत्र एवढंसं. सगळे एकमेकांना ओळखतात. निःपक्षपाती समीक्षक मिळणार कुठून?

ही अडचण खरी आहे आणि पूर्णपणे सुटणारी नाही. एखाद्या मोजमाप-तंत्रातले जाणकार जगात मोजकेच असतात. त्यातले काही अर्जदाराचे माजी विद्यार्थी, काही सहलेखक, काही थेट स्पर्धक. नियम हितसंबंध असलेल्यांना दूर ठेवतात. पण नियम फार ताणला की जाणकारच बाहेर राहतात. 2014 मध्ये फ्युजनच्या दहा वर्षांच्या आराखड्यासाठी पॅनेल नेमताना मोठ्या प्रयोगशाळांतल्या माणसांना वगळलं, कारण पैसा त्यांच्यातच वाटायचा होता. त्यावर क्षेत्रातून जोरदार तक्रार आली: जे यंत्रं चालवतात तेच टेबलावर नाहीत.

पुढच्या वेळी पद्धत बदलली. आधी अमेरिकन फिजिकल सोसायटीच्या प्लाझ्मा विभागामार्फत सगळ्या समुदायाने, तरुण संशोधकांसह, खुल्या चर्चा करून मसुदा तयार केला आणि त्यावर सल्लागार समितीने आपला दीर्घकालीन आराखडा बेतला. हा मार्ग संथ आहे, पण हितसंबंध लपवण्यापेक्षा ते उघड्यावर मांडून वाद घालणं आम्हाला अधिक प्रामाणिक वाटतं.

पीअर रिव्ह्यू नव्या, धाडसी कल्पना मारतो का?

काही प्रमाणात, हो. तीनपैकी एका समीक्षकाने शंका काढली की गर्दीच्या स्पर्धेत प्रस्ताव मागे पडतो आणि धाडसी कल्पनेवर कोणीतरी शंका काढतोच. म्हणून काही पैसा वेगळ्या पद्धतीने वाटावा लागतो. ऊर्जा विभागाचीच एआरपीए-ई ही संस्था तेच करते. तिथे बाहेरचे समीक्षक असतात, पण मुदतीवर आलेल्या कार्यक्रम संचालकाला बराच मोकळा हात असतो. त्यांच्या अल्फा कार्यक्रमात सुमारे 3 कोटी डॉलर टोकामॅकपेक्षा वेगळ्या, स्वस्त आणि लहान यंत्रांच्या कल्पनांना मिळाले. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या झेड-पिंच, म्हणजे प्लाझ्मातूनच विद्युतप्रवाह सोडून त्याला आवळण्याच्या, प्रयोगाला त्यातून बळ मिळालं आणि पुढे त्यातून झॅप एनर्जी ही कंपनी निघाली.

ईटरसारख्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाचं काय?

ईटरमध्ये भागीदार सात: युरोपीय संघ, चीन, भारत, जपान, दक्षिण कोरिया, रशिया, अमेरिका. अमेरिका 1990 च्या दशकाअखेर बाहेर पडली होती. 2002 मध्ये स्नोमास इथे शास्त्रज्ञांनी दोन आठवडे बसून पर्यायांची छाननी केली, राष्ट्रीय अकादमीनेही आढावा घेतला आणि जानेवारी 2003 मध्ये ती चर्चेत परतली. 2013 च्या स्वतंत्र व्यवस्थापन अहवालाने ईटरच्या कारभारावर कडक ताशेरे ओढले. 2015 मध्ये बेर्नार बिगो महासंचालक झाले. 2024 मध्ये नवं वेळापत्रक आलं: संशोधनाची सुरुवात 2034 ला, ड्युटेरियम-ट्रिटियम या हायड्रोजनच्या जड रूपांच्या इंधनाचे प्रयोग 2039 ला.

आता खासगी कंपन्यांकडे इतका पैसा आहे, तर सरकारी समीक्षेची गरजच काय?

कंपनीला सरकारी पैसा हवा असेल तर समीक्षा टळत नाही. मे 2023 मध्ये ऊर्जा विभागाने आठ कंपन्यांना मिळून 4 कोटी 60 लाख डॉलर जाहीर केले. कंपनीने ठरलेला टप्पा गाठला आणि तो तपासला गेला, की मगच रक्कम मिळते. ही रचना आम्हाला मनापासून आवडते. मात्र गुंतवणूकदारांच्या पैशावर चालणाऱ्या कामातले आकडे अनेकदा बाहेर येतच नाहीत; तिथे 1969 सारखी पाहुण्याकडून मोजणी होण्याची गरज उलट वाढली आहे.

भारतात हे कसं चालतं?

गांधीनगरजवळची प्लाझ्मा रिसर्च संस्था हे आपलं मुख्य केंद्र. प्रेधिमान काव यांच्या नेतृत्वाखाली ती 1986 मध्ये स्वतंत्र संस्था झाली. 1989 मध्ये आदित्य टोकामॅक सुरू झाला. संस्था अणुऊर्जा विभागाखाली येते आणि त्या विभागाचं मुख्यालय मुंबईत आहे. मोठ्या यंत्रांचा पैसा विभागाच्या अंदाजपत्रकातून थेट येतो. विद्यापीठांतल्या लहान प्रकल्पांसाठी अणुविज्ञान संशोधन मंडळासारख्या वाटा आहेत. तिथे तज्ज्ञ समित्या प्रस्ताव तपासतात. ईटरमधला आपला सुमारे 9 टक्के वाटा बराचसा वस्तुरूपात जातो. त्यातला प्रचंड क्रायोस्टॅट, म्हणजे यंत्राला वेढणारं पोलादी निर्वात भांडं, लार्सन अँड टुब्रोने गुजरातेत हजिरा इथे घडवला.

एसएसटी-1 या अतिवाहक टोकामॅकच्या पहिल्या जोडणीत दोष निघाले तेव्हा यंत्र उघडलं, चुंबक थंड करून एकेक तपासले, पुन्हा जोडणी केली आणि 2013 मध्ये त्यात प्लाझ्मा मिळाला. अशा वेळी तज्ज्ञांनी काय विचारलं, कोणता पर्याय का नाकारला, हे लोकांना वाचता येईल असं छापलं गेलं तर पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळांतल्या विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तकाहून जास्त शिकायला मिळेल. तांत्रिक निबंध निघतात. समीक्षेचे अहवाल मात्र क्वचितच लोकांपर्यंत येतात आणि ते यायला हवेत.

मी विद्यार्थी आहे. समीक्षक काय पाहतात हे शिकायला कुठून सुरुवात करू?

ऊर्जा विभागाने मंजूर केलेल्या प्रकल्पांचे गोषवारे खुले असतात. आपल्या विषयाचे दहा-पंधरा वाचा. अनुदानाच्या जाहिरातीत समीक्षकांना दिलेले प्रश्न जसेच्या तसे छापलेले असतात. ते समोर ठेवून त्यातला एक गोषवारा समीक्षक म्हणून तपासा, एक पानाचं मत लिहा आणि ते अशा शिक्षकाला दाखवा, ज्यांनी कधीतरी असा प्रस्ताव स्वतः लिहिला आहे.